व्याख्यानमालेच्या मांडवात नगरपालिका येईल काय?

चैत्र-वैशाखाचे दोन महिने हा महाराष्ट्रातील लहान शहरांच्या सार्वजनिक जीवनाचा हंगाम होय. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी लागलेली असते, सुगी आटोपलेली असते आणि दिवसभराच्या उन्हाने कोंडलेली माणसे सायंकाळी घराबाहेर पडतात. ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीपर्यंत वस्त्यावस्त्यांतून व्याख्याने होतात, मिरवणुका निघतात. ग्रामदैवताची जत्रा बहुधा याच दिवसांत भरते. विद्यार्थ्यांची शिबिरे, बालनाट्याचे वर्ग, प्रकाशझोतातील क्रिकेटचे सामने असतात आणि या सर्वांच्या जोडीला, जेथे एखादे जुने ग्रंथालय अद्याप जिवंत आहे तेथे, वसंत व्याख्यानमाला असते. नेमक्या याच दिवसांत नळाला एक दिवसाआड, कोठे चार दिवसांआड पाणी येते. टँकरभोवती हंड्यांची रांग लागते. उत्सव आणि टंचाई एकाच गल्लीत शेजारी-शेजारी नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. या अबोल्याविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते.

त्याला निमित्त घडले ते एका साध्या प्रसंगाचे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका सायंकाळी अध्यक्षपद माझ्याकडे होते. विषय होता जागतिक अर्थव्यवस्थेपुढील संकटांचा. वक्ते विद्वान होते, श्रोते तीनेकशे असावेत. मीही समारोपात वित्तभांडवलाच्या जगभरच्या संचाराविषयी अर्धा तास बोललो. टाळ्या झाल्या. मांडव रिकामा होत असता नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक लिपिक जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, भाषण फार चांगलं झालं. पण आपण ज्या मैदानात बसलो आहोत, त्याचा रस्त्याकडचा पट्टा नव्या आराखड्यात निळा झाला आहे. हरकतींची मुदत गेल्या शनिवारीच संपली."

विकास आराखड्याच्या नकाशावर हिरवा रंग क्रीडांगण-उद्यानाचा आणि निळा वाणिज्य वापराचा, हे मला ठाऊक होते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्याची सूचना वर्तमानपत्रात आली होती, तीही मी बहुधा पाहिली असावी. पण मराठी कायदेभाषेतील त्या बारीक मजकुरावरून माझी नजर घसरून गेली होती. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला ज्या जमिनीवर तो उभा आहे त्या जमिनीचे अर्थशास्त्र एका लिपिकाने सांगावे, यात त्या लिपिकाचा गौरव आहे आणि माझी नामुष्की आहे. परंतु ही नामुष्की माझ्या एकट्याची असती तर ती लिहिण्याचे कारण नव्हते. त्या मांडवात बसलेल्या तीनशे सुशिक्षित, जागरूक, वर्तमानपत्रे वाचणाऱ्या नागरिकांची ती होती. आणि आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांचीही ती होती, कारण त्यांतील निम्मे त्या रात्री सतरंज्या गुंडाळीत होते.

आपण असे का झालो, याचा विचार करताना व्याख्यानमालेच्या उगमाकडे जावे लागते. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. महाराष्ट्रभर पुढे ज्या व्याख्यानमाला निघाल्या, त्यांची ही आद्य प्रेरणा. परंतु रानड्यांच्या पुण्यात व्याख्यान हे एकटे नव्हते. पाच वर्षे आधी, १८७० साली, सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. त्या सभेचा सभासद होण्यासाठी किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे जो बोलेल तो कोणाच्या वतीने बोलतो हे आधी सिद्ध करावे लागे. त्याच सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ साली अहवाल दिला आणि १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. व्यासपीठावरचे विवेचन आणि गावोगावची पाहणी ही एकाच बैलगाडीची दोन चाके होती. ज्या १८७५ साली व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच वर्षीच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कर्जबाजारी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जखते जाळली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाची तेजी ओसरली होती, शेतसारा वाढला होता, आणि दाद मागायला जागा नव्हती. चार वर्षांनी सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. व्याख्यान आणि उठाव एकाच उन्हाळ्यातले. रानड्यांनी या दोहोंमधले अंतर ओळखले होते; ते कमी करण्याचे साधन म्हणून माहिती, आकडेवारी आणि अर्ज यांचा मार्ग त्यांनी धरला. तो मार्ग पुरेसा होता की नव्हता, हा वाद वेगळा. पण अंतर आहे याची जाणीव तरी होती.

त्याच शहरात आणखी एक माणूस होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते आणि त्यांच्या स्वागताच्या सजावटीसाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणून जोतीरावांनी त्याला विरोध केला. बत्तीस सभासदांच्या सभागृहात विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांतून अनेकदा सांगतो, परंतु तो बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. खरे तर तो अर्थसंकल्पाचा प्रसंग आहे. नगरपालिकेच्या एका खर्चाच्या बाबीवर बोट ठेवून 'हा पैसा कोणाचा, आणि तो कोणासाठी?' असा प्रश्न विचारण्याचा तो प्रसंग आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचे तत्त्वज्ञान सांगणारा हा पुरुष स्वागताच्या कमानींचा खर्च तपासण्यास क्षुल्लक समजत नव्हता. आज आपल्या गावांत 'शहर सुशोभीकरण' या नावाखाली स्वागतकमानी, कारंजी आणि रंगीत दिवे उभे राहतात, तेव्हा फुले जयंतीच्या व्यासपीठावरून त्या खर्चाविषयी चकार शब्द निघत नाही. पुष्कळदा त्या व्यासपीठाच्या मागील फलकावर त्याच कंत्राटदाराचे हात जोडलेले छायाचित्र असते!

दुसरे उदाहरण महाडचे. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, हा त्याचा आशय. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, नोंदवहीत नोंदला गेला आणि तीन वर्षे तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्या ठरावाला प्रथम अर्थ प्राप्त झाला. आणि मग काय झाले? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मानवी हक्कांचा हा महासंग्राम होता यात शंका नाही. पण तो एका लहान गावच्या नगरपालिकेच्या मालमत्तेवरचा, एका ठरावाच्या अंमलबजावणीचाही लढा होता, हे विसरता कामा नये. सार्वजनिक मालमत्ता कागदावर सर्वांची असते. प्रत्यक्षात ती सर्वांची व्हावी यासाठी माणसांना पायऱ्या उतराव्या लागतात. आणि एकदा उतरून चालत नाही, कारण ठराव फिरविणारे हात सदैव जागे असतात.

या दोन प्रसंगांपुढे आजच्या 'विकासा'च्या चर्चा ठेवून पाहाव्यात. लहान शहरात विकासावर जो वाद होतो तो सामान्यतः दोन पक्षांत होतो. एक म्हणतो, रस्ता रुंद झाला पाहिजे, व्यापारी संकुल उभे राहिले पाहिजे, शहराचा कायापालट झाला पाहिजे. दुसरा म्हणतो, जुने झाड तोडू नका, जुना घाट मोडू नका, गावाचे गावपण घालवू नका. पहिल्याला विकासवादी म्हणतात, दुसऱ्याला विकासविरोधी. ही विभागणीच मुळात खोटी आहे. रस्ता हवा की नको हा प्रश्न नाही; तो कोणाच्या जमिनीतून जाणार, त्यामुळे कोणाच्या जमिनीची किंमत वाढणार, कोणाची टपरी उठणार आणि वाढलेल्या किमतीतील किती वाटा नगरपालिकेच्या तिजोरीत परत येणार, हा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, लहान शहरातील संपत्तीच्या वाटपाचा सर्वांत मोठा निर्णय कोणत्याही कारखान्यात वा बाजारात होत नाही. तो विकास आराखड्यात होतो. गावाबाहेरच्या शेतजमिनीवर पिवळा रंग चढला, म्हणजे ती निवासी पट्ट्यात आली, की मालकाने एक फावडे न उचलता तिची किंमत कित्येक पट होते. शाळेसाठी राखीव भूखंडावरील आरक्षण उठले की जी संपत्ती पुढल्या पिढीतील मुलांची होती ती एका मालकाची होते. जमिनीच्या या अनार्जित मूल्यवाढीवर समाजाचा हक्क आहे, हे हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली आपल्या ग्रंथात मांडले. आपल्या राज्याच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आराखड्याची जी चौकट आहे, तिच्यात सार्वजनिक हिताची बरीच कलमे आहेत. पण त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकास नोटीस देता येते. आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही नगरपालिकेने पावले उचलली नाहीत, तर ते आरक्षण संपुष्टात येते. नगरपालिकेने काहीही न करणे हादेखील एक निर्णय आहे. त्या निर्णयाचा ठराव होत नाही, त्याची बातमी होत नाही, त्यावर मोर्चाही निघत नाही. मैदाने लढाईत हरली जात नाहीत. ती तारखांत हरली जातात.

पाण्याचेही असेच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरावर जी वेळ आली ती सर्वांच्या स्मरणात असेल. मांजरा धरण आटले. मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. देशभर त्या गाडीची छायाचित्रे छापून आली, चालकाच्या गळ्यात हार पडले. संकटात ती गाडी आवश्यकच होती. परंतु गाडी हा प्रश्नाचा शेवटचा अंक होता. धरणाच्या लाभक्षेत्रात उसाला किती पाणी द्यायचे, शहराच्या नळयोजनेतील गळती कोण दुरुस्त करणार, जुन्या विहिरी व आड कोणी बुजवू दिले, हे आधीचे अंक अनेक वर्षांच्या बैठकांतून, ठरावांतून आणि मौनांतून लिहिले गेले होते. प्रत्येक लहान शहराचा उन्हाळा असाच आधी लिहिला जातो. आपण मात्र वैशाखात जागे होतो आणि रिकाम्या घागरी घेऊन मोर्चा काढतो. मोर्चा न्याय्य असतो, पण तो ज्याच्या दारी जातो त्याच्या हातात तोवर फक्त टँकर उरलेला असतो.

येथे कोणी विचारील की हे सर्व नागरिकांना कळावे अशी काही व्यवस्था कायद्यात नाही काय? उत्तर विचित्र आहे. खेड्यात ग्रामसभा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले. खेड्यातील मतदार, मग तो भूमिहीन का असेना, वर्षातून ठरावीक वेळा उठून सरपंचास हिशेब विचारू शकतो. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी अशी सभा निर्माण केली नाही. तिने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्याही तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या खेड्याची नगरपंचायत झाली, तर गावात पेढे वाटले जातात. आणि त्याच दिवशी तेथील माणूस प्रश्न विचारण्याचा घटनादत्त हक्क गमावून बसतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही! २००९ साली राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती व्यवहारात उतरल्याचे चित्र दिसत नाही, कारण जी सभा भरविणे सत्तेवरील कोणाच्याच सोयीचे नाही ती आपोआप भरत नसते.

त्यात मधल्या काळाने भर घातली. २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि गावोगाव प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी मतदान झाले. मधली जवळजवळ चार वर्षे अर्थसंकल्प झाले, निविदा निघाल्या, रस्ते खणले गेले. पण त्यांवर बोलणारे निवडून आलेले सभागृह नव्हते. या काळात लहान शहरे बंद पडली नाहीत, यातच धोक्याची सूचना आहे. नागरिकांना सभागृहाची उणीव भासली नाही, कारण सभागृह असतानाही ते तेथे काही विचारीत नव्हते. आर्थिक स्वायत्ततेचीही हीच अवस्था. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. तिची व्यापारावरील जाचकता खरी होती, परंतु तिच्याबरोबर गावाच्या हाती असलेले उत्पन्नाचे मोठे साधनही गेले. जी संस्था वरून येणाऱ्या अनुदानावर जगते, तिचे कान वरच्या दिशेलाच असतात.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. नवे नगराध्यक्ष थेट निवडून आले आहेत. सुरुवातीच्या उत्साहात बरीच आश्वासने दिली गेली असतील. अशा वेळी आपल्या हाती काय आहे? आपल्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही. पुष्कळ गावांत एखाददुसरा सभासद असला तर असेल. पण आपल्याजवळ, किंवा आपल्या मित्रांजवळ, उन्हाळ्यातील व्यासपीठे आहेत. ग्रंथालयांच्या कार्यकारिणींवर आपली माणसे आहेत. शिबिरे घेण्याचा आपला अनुभव मोठा आहे. सोमनाथच्या माळावर बाबा आमट्यांनी १९६७ पासून तरुणांना उन्हाच्या ऐन भरात श्रमासाठी बोलाविले आणि तरुण आले, हा आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला आहे. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे केवळ विरंगुळा नव्हे, ही परंपरा महाराष्ट्रात रुजलेली आहे. प्रश्न तिला गावाच्या कारभाराशी जोडण्याचा आहे.

यावर दोन आक्षेप येतील; त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला असा की व्याख्यानमाला पक्षीय राजकारणापासून दूर राहिल्या म्हणून टिकल्या. तेथे नगरपालिकेचे विषय आणले तर मांडवात भांडणे होतील, देणगीदार दुरावतील. भांडणे होतील हे खरे. परंतु ज्या व्यासपीठावर बड्या राष्ट्रांच्या अध्यक्षांवर निर्भयपणे टीका करता येते आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एक प्रश्न विचारता येत नाही, त्याची अलिप्तता ही तटस्थता नसून भीती आहे. देणगीदारांविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. ज्याची बांधकामे आराखड्यावर अवलंबून आहेत त्याच्याकडून मांडवाचा खर्च घ्यायचा आणि आराखड्यावर मौन पाळायचे, हा व्यवहार कोठे लिहिलेला नसतो. पण तो दोन्ही बाजूंना पाठ असतो. दहा रुपयांच्या पावत्या फाडून मांडव लहान घातला तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच घरातला आहे. व्याख्यानमालेला येणारा श्रोता कोण? मध्यमवर्गीय, निवृत्त, बहुतांशी पुरुष, बहुतांशी वरच्या जातींतला. आंबेडकर जयंतीच्या मांडवातील श्रोता वेगळा, उरुसाच्या कव्वालीला बसणारा वेगळा, आणि टँकरच्या रांगेतील बाई तर कोणत्याच मांडवात नसते. अशा व्याख्यानमालेत नगरपालिकेचा विषय आणला तर तो बागेतील बाके आणि पदपथांची फरसबंदी येथेच थांबेल, झोपडपट्टीतील शौचालयापर्यंत पोचणार नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच चर्चा एका मांडवात करून चालणार नाही. ती सर्व मांडवांत न्यावी लागेल. एका वर्षी ग्रंथालयाची व्याख्यानमाला आणि जयंती समितीची व्याख्यानमाला यांनी मिळून एक सायंकाळ घेतली, आणि ती वस्तीत घेतली, तर विकासाच्या वादाचे सगळे रूपच पालटेल. ज्या घरात पाणी येते आणि ज्या घरात येत नाही त्या दोन घरांतील माणसे एका सतरंजीवर बसली की पाण्याचा प्रश्न तांत्रिक राहत नाही.

करावयाचे काय, तेही थोडक्यात सांगतो. यात अशक्य असे काही नाही. पहिली गोष्ट, व्याख्यानमालेतील एक सायंकाळ नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाच्या वाचनासाठी राखून ठेवावी. भाषण नको, वाचन हवे. जमेच्या आणि खर्चाच्या बाजू मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहाव्यात. शाळांवर किती, पाण्यावर किती, सुशोभीकरणावर किती, एवढे वाचून दाखविले तरी श्रोते उरलेले काम स्वतः करतील. नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांना सन्मानपूर्वक निमंत्रण द्यावे. ते आले तर उत्तम; न आल्यास त्यांची खुर्ची रिकामी ठेवावी, त्यांच्याविषयी अपशब्द मात्र काढू नये.

दुसरी गोष्ट, विकास आराखड्याचा नकाशा कापडावर मोठा करून रंगवावा आणि जत्रेच्या दिवसांत लोक जातील येतील अशा ठिकाणी टांगावा. आपले घर, आपली शाळा, आपले मैदान त्यात कोठे आणि कोणत्या रंगात आहे हे प्रत्येकाने बोट ठेवून पाहावे. आराखड्याची सूचना वर्तमानपत्रात शोधण्याची जबाबदारी प्रत्येक शाखेने एका कार्यकर्त्यावर नावानिशी सोपवावी. हरकत कशी लिहावी, नियोजन समितीपुढील सुनावणीत काय बोलावे, याचा एक दिवसाचा वर्ग घ्यावा. एकाच नमुन्यावर हजार सह्या घेण्यापेक्षा पन्नास माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या पन्नास हरकती अधिक मोलाच्या असतात. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रातील पन्नास हा आकडा या निमित्ताने पुन्हा स्मरावा.

तिसरी गोष्ट शिबिरांची. शिबिरातील तरुणांना एक आठवडा गावाची पाहणी करावयास लावावी. सार्वजनिक नळ किती, त्यांतील चालू किती, पाणी किती वेळ येते. राखीव भूखंड किती, त्यांवर आज काय उभे आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे दोन खंड १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. शास्त्रशुद्ध पाहणीचा तो आदर्श. आपल्या मुलांची पाहणी तितकी काटेकोर होणार नाही. पण दारोदार जाऊन प्रश्न विचारणारा तरुण जे शिकतो ते दहा बौद्धिकांत शिकत नाही. कागदपत्रांसाठी २००५ चा माहिती अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि प्रतीच्या प्रत्येक पानाला दोन. शिवाय २०१८ साली राज्य शासनाने आदेश काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख नागरिकांना पाहण्यास खुले ठेवावेत असे ठरविले. किती नागरिक त्या दोन तासांत नगरपालिकेची पायरी चढले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

चौथी गोष्ट, या सर्वांच्या वेळा बदलाव्यात. रात्री साडेआठची सभा ही पुरुषांची सभा असते. पाणी कोणत्या वेळी येते त्यावर स्त्रियांचा दिवस आखलेला असतो. वस्तीतील बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्याच ओट्यावर झाली पाहिजे, आणि तेथे आपण ऐकावयास गेले पाहिजे.

हे सारे किरकोळ आहे, असे वाटण्याचा संभव आहे. समाजवादाचे ध्येय उराशी बाळगणाऱ्यांनी नळ आणि भूखंड मोजीत बसावे काय? हा प्रश्न मी स्वतःलाही अनेक वर्षे विचारीत आलो आणि त्याचे सोयीचे उत्तर देत आलो. उत्पादनसाधनांची मालकी समाजाची असावी असे आपण म्हणतो. मग ज्या थोड्या गोष्टी आजच समाजाच्या मालकीच्या आहेत, त्या म्हणजे मैदान, तळे, दवाखाना, नगरपालिकेची शाळा आणि मंडई, त्या राखण्याचे कौशल्य व चिकाटी जर आपल्या अंगी नसेल, तर उद्याच्या मोठ्या मालकीविषयी आपण कोणत्या अधिकाराने बोलणार? लोकांनी आपल्यावर विश्वास का ठेवावा? सार्वजनिक मालकी ही घोषणेने येत नाही आणि कायद्यानेही टिकत नाही; तिच्यावर रोज नजर ठेवणारी माणसे असावी लागतात. ती माणसे तयार करणे हेच लोकशिक्षण.

आमच्या मैदानाचे काय झाले, ते सांगून थांबतो. मुदत संपल्यानंतर आम्ही निवेदन दिले. ते ठेवून घेतले गेले, पण हरकत म्हणून त्याची नोंद झाली नाही. अंतिम मंजुरी शासनाच्या हाती असते, म्हणून एक प्रत तिकडेही पाठविली. उत्तर यावयाचे आहे. दरम्यान मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूस कोणीतरी दगड रचून हद्द आखली आहे. संध्याकाळी मुले तेथे खेळतात. चेंडू हद्दीपलीकडे गेला तर दगडांवरून उडी मारून आणतात.

पुढील व्याख्यानमालेची पुष्पे ठरविण्यासाठी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली, तेव्हा मी एकच सूचना केली. पहिले पुष्प नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाचे असावे आणि ते त्या निवृत्त लिपिकांनी गुंफावे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका सभासदांनी विचारले, "त्यांना भाषण करता येईल का?" मी म्हटले, भाषण करणारे आपण सगळे आहोतच, त्यांना वाचता येते. सूचना बहुमताने मंजूर झाली, एकमताने नव्हे. हेही चांगलेच झाले. ज्या विषयावर गावात मतभेद होतो तो विषय जिवंत आहे असे समजावे, आणि आपापल्या गावच्या कार्यकारिणीत प्रत्येकाने असा मतभेद या वर्षी एकदा तरी घडवून आणावा.